चार काटे

कळमन्याच्या मिरची बाजारातून
टेम्पोत घालून आणले चार तोलकाटे,
एकेका चाकाखाली एकेक.
माझा बाप मापारी.
पाचच्या आत परत पाह्यजेत, म्हणाला,
आणि टेम्पो गेला तरी तो गेला नाही.

हिंगण्याच्या शेडमध्ये रात्रीचे अकरा.
पत्र्यानं दुपार अजून सोडलेली नाही,
कूलर नुसताच फिरतोय, पाणी कधीचं संपलं.
काट्यांवर गाडी उभी:
अंगावर कातडी नाही, नळ्यांचा सांगाडा,
मध्ये एका माणसापुरती पोकळी.

मागचं डावं चाक, सहा किलो जास्त.
उईके पोकळीत बसला. आता सात.
"काय खाऊन आला बे?"
"सावजी."
प्रणोतीनं वहीत गंभीरपणे लिहिलं:
चालक, रश्श्यासकट.

मग बॅटरी उजवीकडे सरकवली.
ब्रेकच्या पेडलला भोकं पाडली, अकरा.
रंगाचा दुसरा हात रद्द.
प्रत्येक भोकातून पडलेला चुरा मी तळहातावर घेऊन पाहायची,
इतकासा.
बाप लांबून म्हणाला,
"आमच्या इथं इतकी घट काढली ना पोरी,
तर लोकं मारतीन."
तो वजन करतो ते विकायला,
मी करते ते टाकायला.

गफूरचाचा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून म्हणाले होते,
काहीच तुटू नये असं बनवशील तर रणगाडा बनवशील.
तुटणार तर आहेच.
कुठं तुटायचं, ते तू ठरव.
दोन रात्री मी त्यांच्यावर चिडून होते.
तिसऱ्या रात्री मागच्या दांडीचा दहाचा बोल्ट काढला,
आठचा घातला.
म्हणजे खड्ड्याचा मार त्यानं खायचा, चाकाच्या मुठीनं नाही.
त्याला आम्ही बिचारा म्हणायचो.
तसले सहा बिचारे चिकटपट्टीनं सांगाड्याला बांधले,
शेजारी तेरा नंबरचा पाना.

चाचणी बुटीबोरीपलीकडे, बंद वीटभट्टीच्या रानात,
मे महिना, दुपारी एक ते पाच.
गणितात सगळं होतं:
पट्ट्याची उष्णता, टायरची झीज, पेट्रोलचे घोट.
पेट्रोल नळीतच उकळू नये म्हणून
तिला बापाकडचं ओलं पोतं गुंडाळलं होतं.
तिसऱ्या तासाला पोतं वाळलं, तापलं,
आणि त्यातली भिवापुरी जागी झाली.
हेल्मेटमध्ये उईकेला असा ठसका लागला
की तीन फेऱ्या त्यानं डोळे मिटून मारल्या असाव्यात.
हे कोणत्याच तक्त्यात नव्हतं.

चौथ्या तासात, भट्टीच्या उंचवट्यावरून उतरताना,
टण्ण.
मागचं चाक तिरपं झालं, गाडी मातीत बसली,
आणि आम्ही नाचलो!
"बिचारा गेला! बिचारा गेला!"
पोळलेल्या हातांनी, ओल्या फडक्यानं पाना धरून
नऊ मिनिटांत दुसरा बसवला.
बाजूच्या शेतातली बाई विहिरीवर थांबून पाहत होती:
ही कसली पोरं,
मोडलं की टाळ्या वाजवणारी.

पण मला सांगायचंय ते त्या रात्रीचं.
पहाटे साडेचारला चारी आकडे जुळले,
आम्ही गाडी खाली ढकलली.
टेम्पोवाला हॉर्न देत होता.
बाप काटे उचलायला वाकला,
थांबला,
चपला काढल्या
आणि मागच्या डाव्या काट्यावर उभा राहिला.
तीस वर्षं दुसऱ्यांची पोती चढवली त्यानं त्या पत्र्यावर.

एक्कावन्न.
"मागं किती होतं, बाबा?"
"मागं कधी पाह्यलंच नाही."

प्रणोतीची वही उघडी होती. मी लिहिलं नाही.
त्यानं चपला घातल्या,
काट्यावरची मिरचीची पूड उपरण्यानं झटकली,
शून्याचं बटण दाबलं.
मला शिंक आली.